हा स्नोड्रॉप आहे का? एका अनोळखी पांढऱ्या फुलाची चौकशी



विज्ञान प्रदर्शनात आठवीच्या टेबलावर एका पांढऱ्या फुलाची छायाचित्रे होती आणि खाली चिठ्ठी होती : 'पॅनक्रेशियम. प्रजाती ठरली, जाती ठरायची आहे.' ही चिठ्ठी वाचून दोन-तीन पालकांनी आणि एका विश्वस्तांनी मला विचारले की, सर, अर्धेच नाव का? प्रदर्शनात मांडायचे तर पूर्ण नाव लिहून मांडायचे होते. प्रश्न रास्त आहे. त्याचे उत्तर मात्र उभ्या उभ्या देण्यासारखे नाही, म्हणून या अंकातली माझी पाने त्यासाठी वापरतो.

हे फूल आठवीतल्या एका मुलीला जूनच्या दुसऱ्या आठवड्यात राजहंसगडाच्या उतारावर दिसले. वडिलांबरोबर येळ्ळूरला गेली असता खडकांच्या फटीतून गवताच्याही आधी वर आलेली पांढरी फुले तिने पाहिली आणि वडिलांच्या फोनवर फोटो काढून घेतले. इंग्रजीच्या एका गोष्टीत तिने स्नोड्रॉप नावाच्या पांढऱ्या फुलाबद्दल वाचले होते. म्हणून तिने वहीत लिहिले, 'स्नोड्रॉप?' त्या प्रश्नचिन्हाला मी मनातल्या मनात पैकीच्या पैकी गुण दिले. पुष्कळ मोठी माणसेही ते चिन्ह लिहायचे विसरतात.

आधी खरा स्नोड्रॉप पाहू. त्याचे शास्त्रीय नाव गॅलँथस. ग्रीक भाषेत 'गाला' म्हणजे दूध आणि 'अँथॉस' म्हणजे फूल. युरोपात सर्वत्र आढळणाऱ्या स्नोड्रॉपला लिनियसने १७५३ साली 'गॅलँथस निव्हॅलिस' असे नाव दिले. निव्हॅलिस म्हणजे बर्फातला. या प्रजातीत साधारण वीस जाती आहेत. त्यांचा मुलूख युरोपपासून तुर्कस्तान व कॉकेशस पर्वतापर्यंत. भारतात ही प्रजाती रानात उगवत नाही. जमिनीत कांदा, दोन-तीन अरुंद पाने, एका दांड्यावर खाली मान घातलेले एकच फूल. सहा पाकळ्यांपैकी बाहेरच्या तीन लांब, शुभ्र. आतल्या तीन आखूड आणि त्यांच्या टोकाशी हिरवा ठिपका. जानेवारी-फेब्रुवारीत, बर्फ वितळायच्या सुमारास हे फूल येते. नंतर पाने वाळतात आणि कांदा उन्हाळाभर जमिनीत झोपून राहतो. आपल्याकडच्या कांद्यांची झोप उलट वेळेला असते. दिवाळीपासून मृगापर्यंत ते जमिनीखाली गप्प असतात आणि पहिल्या वळवाने जागे होतात. एवढ्यावरूनही जूनमध्ये येळ्ळूरच्या उन्हापावसात फुललेले फूल स्नोड्रॉप नव्हे हे सांगता येते. पण 'हे नव्हे' सांगणे सोपे. 'मग कोणते' हे सांगायला खरी मेहनत लागते.

इंग्लंडमध्ये या फुलाचे वेड असलेली माणसे आहेत. स्नोड्रॉपचे हजाराहून अधिक वाण त्यांनी नावे देऊन जपले आहेत. २०१५ साली एका नव्या, पिवळ्या छटेच्या वाणाचा एकच कांदा १,३९० पौंडांना विकला गेला. तेव्हाच्या हिशेबाने एक लाख रुपयांच्या वर! इतके पैसे मोजायचे तर वाण ओळखता आला पाहिजे. लांबून तर सगळे सारखेच पांढरे. मग ही मंडळी काय पाहतात? आतल्या पाकळीवरचा हिरवा ठिपका एक आहे की दोन, की इंग्रजी 'एक्स' अक्षरासारखा एकमेकांत मिसळलेला आहे. पानाचा रंग गवतासारखा हिरवा की राखाडी छटेचा. आणि सर्वात महत्त्वाचे म्हणजे, पाने जमिनीतून वर येताना एकमेकांवर सपाट टेकलेली असतात, की एक दुसऱ्याला गुंडाळून असते, की कडा मागे दुमडलेल्या असतात. फुलाचा रुबाब पावसापाण्याने बदलतो, पानाची घडी सहसा बदलत नाही. म्हणून जाणकार माणूस आधी खाली वाकून पानाचे बूड बघतो.

इथे 'जाती' आणि 'वाण' यांतला फरक सांगून ठेवतो. तो आपल्या शहापूर-वडगाव-येळ्ळूरच्या शेतकऱ्याला वेगळा शिकवावा लागत नाही. भात ही एक जाती. बेळगाव बासमती, इंद्रायणी हे तिचे वाण. ज्यांच्या घरी बासमतीचे शेत आहे त्यांना लोंबी हातात घेऊन, तांदूळ हुंगून वाण सांगता येतो. त्याला पुस्तक लागत नाही, पण दहा-वीस हंगाम लागतात. स्नोड्रॉपवाल्यांचेही तसेच आहे.

शब्दांचा आणखी एक घोळ आहे. माझे पदवीपर्यंतचे शिक्षण हिंदी माध्यमातून झाले. हिंदीत 'वंश' म्हणजे मोठा गट आणि त्यातला एकेक घटक म्हणजे 'जाति' किंवा 'प्रजाति'. मराठी विश्वकोशाच्या परिभाषेत मोठा गट म्हणजे 'प्रजाती' आणि त्यातला घटक म्हणजे 'जाती'. म्हणजे तोच शब्द हिंदीत धाकटा आणि मराठीत थोरला! वर्तमानपत्रांतून तर दोन्ही अर्थांनी छापतात. आपल्या शाळेत आपण मराठी परिभाषा पाळतो. पॅनक्रेशियम ही प्रजाती आहे, हे पुढचे वाचताना लक्षात ठेवावे.

आता मूळ चौकशीकडे. पावसाळ्याच्या तोंडाला आपल्या भागात जमिनीतल्या कांद्यातून किंवा कंदातून वर येणारी पांढरी फुले अनेक आहेत. त्यांतली काही रानातली, काही बागेतून निसटलेली. मुलांनी एकेक प्रश्न विचारत गाळणी लावली.

पहिला प्रश्न : अंडाशय कुठे आहे? जुन्या मराठी पुस्तकांत याला किंजपुट म्हटले आहे. फुलाचे पुढे ज्याचे फळ होते तो हा भाग. काही फुलांत तो पाकळ्यांच्या मधोमध, वर बसलेला दिसतो. काहींत तो पाकळ्यांच्या खाली, दांड्याच्या टोकाशी फुगीर गाठीसारखा असतो. स्नोड्रॉपमध्ये तो खाली असतो. मुलीच्या फोटोतही खाली होता. या एका प्रश्नाने फोडशी आणि सफेद मुसळीचा अख्खा गट, म्हणजे क्लोरोफायटम, बाद झाला. त्यांची फुलेही पांढरी, सहा पाकळ्यांची आणि पावसाळ्यातलीच, परंतु अंडाशय वर. शिवाय त्यांना कांदा नसतो, बोटांसारख्या जाड मुळांचा झुबका असतो.

दुसरा प्रश्न : पुंकेसर कशावर उभे आहेत? इथे उत्तर जवळजवळ हाती आले. फोटोत पाकळ्यांच्या आत पातळ पांढऱ्या पडद्याची एक वाटी होती आणि त्या वाटीच्या काठावर सहा पुंकेसर उभे होते. बागेतली पावसाळी लिली, जिला सगळे रेन लिली म्हणतात, तिला अशी वाटी नसते. ती मूळची अमेरिका खंडातली आहे. नागदवणा, गडांबीकांदा वगैरे ज्या प्रजातीत येतात त्या क्रायनमलाही वाटी नसते. त्याचे सहा पुंकेसर सुटे असतात. स्नोड्रॉपलाही वाटी नसते. वाटी असलेली दोनच नावे आपल्याकडे विचारात घ्यावी लागतात : रानातले पॅनक्रेशियम आणि बागेतली स्पायडर लिली, म्हणजे हायमेनोकॅलिस.

ही स्पायडर लिली आपण रोज पाहतो. रस्त्याच्या दुभाजकावर, कचेऱ्यांच्या आवारात तिचे गड्डे लावलेले असतात. तीही अमेरिकेकडची. तिच्या फुलाशी हे फूल ठेवले तर भाऊ-बहीण वाटावेत. म्हणून तिसरा प्रश्न लागला : पाने कधी असतात आणि बी कसे असते? बागेतली स्पायडर लिली बाराही महिने हिरवीगार. रानातले पॅनक्रेशियम उन्हाळ्यात जमिनीवर दिसतही नाही. स्पायडर लिलीचे बी हिरवे, मांसल, मोठे. पॅनक्रेशियमचे बी काळे आणि कोरडे. मुलगी जुलैच्या अखेरीस वडिलांबरोबर पुन्हा त्याच जागी गेली. फळ उकलले होते आणि आत काळे बी होते. प्रजाती ठरली.

स्नोड्रॉप आणि हे फूल एकाच कुलातले, ॲमारिलिडेसीचे. तेव्हा त्या मुलीने लिहिलेले नाव चुकले असले तरी घराणे बरोबर निघाले. आजच्या वर्गीकरणात आपला स्वयंपाकातला कांदा आणि लसूणही याच कुलात धरतात, ही गोष्ट पुष्कळांना नवी असेल. कांद्याचा अंडाशय मात्र वर असतो आणि त्याचा वासच त्याची ओळख देतो.

कोणी म्हणेल, एवढा खटाटोप कशाला, गावातल्या एखाद्या म्हाताऱ्या माणसाला विचारायचे. विचारावेच. पण गावातले नाव गावापुरते असते. 'रानकांदा' म्हटले की एका गावात एक वनस्पती, दुसऱ्या गावात दुसरी. 'सुदर्शन' हे नाव हिंदीत क्रायनमच्या एकाहून अधिक जातींना लावतात. बाजारात 'लिली' म्हटले तर त्यात काहीही येते. आपल्या भागात तर शेजारच्या घरातली आजी त्याच फुलाला कन्नडमध्ये आणखी वेगळे नाव सांगेल. ती सगळी नावे वहीत लिहून ठेवण्याजोगी आहेत. त्यांवरून ओळख पक्की होत नाही एवढेच.

मग जाती का ठरवली नाही? आपल्या भागात पॅनक्रेशियमच्या एकाहून अधिक जाती विचारात घ्याव्या लागतात. त्यांतल्या 'पॅनक्रेशियम पार्व्हम' या जातीला १८५० साली निकोल डालझेल या वनाधिकाऱ्याने नाव दिले. पार्व्हम म्हणजे लहान. याच डालझेलने गिब्सनबरोबर १८६१ मध्ये मुंबई इलाख्यातील वनस्पतींचे पुस्तक काढले. पुढे पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य थिओडोर कुक यांनी १९०१ ते १९०८ या काळात मुंबई इलाख्याची सविस्तर वनस्पतिसूची प्रसिद्ध केली. आपला जिल्हा तेव्हा त्याच इलाख्यात होता, म्हणून त्या ग्रंथात बेळगावचे नाव आणि रिची नावाच्या संग्राहकाने इथे गोळा केलेल्या नमुन्यांचे उल्लेख वारंवार येतात. जाती ठरवायची तर वर्णन वाचून भागत नाही. वाळवून कागदावर चिकटवलेल्या जुन्या नमुन्याशी ताडून पाहावे लागते. असे संग्रह मुंबईत सेंट झेवियर्स कॉलेजच्या ब्लॅटर हर्बेरियममध्ये, पुण्यात भारतीय वनस्पती सर्वेक्षण संस्थेत आणि आपल्याला सर्वात जवळ म्हणजे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठात आहेत. फोटोवरून 'पार्व्हम' असे लिहून टाकता आले असते. प्रदर्शनात कोणी अडवलेही नसते. पण ते अंदाजाचे नाव ओळखीचे म्हणून मुलांच्या वहीत कायम राहिले असते.

अशा सबुरीने काय हाती लागते याची दोन उदाहरणे देतो. महाबळेश्वरच्या केट्स पॉइंटच्या परिसरात क्रायनमची पांढरी फुले येतात. त्यांतली एक जाती १८४२ पासून 'क्रायनम ब्रॅकीनेमा' म्हणून ठाऊक होती. ब्रॅकीनेमा म्हणजे आखूड तंतूंची. ओळखीची खूण नावातच सांगून ठेवली आहे. पुण्यात वनस्पतिशास्त्र शिकवणारे मार्शल वुड्रो यांनी महाबळेश्वरचे काही कांदे लंडनजवळच्या क्यू उद्यानात पाठवले. ते तिथे फुलल्यावर लक्षात आले की हे वेगळे आहे. बेकर यांनी १८९८ मध्ये त्याला 'क्रायनम वुड्रोवी' असे नाव दिले. दोन्ही पांढरी, दोन्ही एकाच डोंगरावरची. वाटसरूला त्यांत फरक दिसणार नाही.

दुसरे उदाहरण आपल्या घरचे आहे. वर ज्या क्लोरोफायटमला आपण पहिल्याच प्रश्नात बाद केले, त्याच प्रजातीतील एका जातीचे नाव 'क्लोरोफायटम बेलगॉमेन्से' आहे. म्हणजे बेळगावची. शिवाजी विद्यापीठातील प्रा. एस. आर. यादव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी आपल्या जिल्ह्यातील या वनस्पतीचे वर्णन क्यू उद्यानाच्या नियतकालिकात केले आणि २०१२ पासून ती शास्त्राच्या दप्तरी आहे. याच प्रजातीत बोरिवलीच्या नावाची 'बोरिव्हिलिॲनम', म्हणजे औषधातली सफेद मुसळी, १९५६ पासून आहे आणि कोल्हापूरच्या नावाचीही एक आहे. बेळगावच्या माळावरून पिढ्यान्‌पिढ्या गुरे आणि गुराखी गेले असतील. पांढरी फुले सर्वांनीच पाहिली असतील. 'फोडशीसारखेच काहीतरी' म्हणून कोणी थांबले नसते, तर ती अजून बिननावाची असती.

आता पालकांनी विशेष लक्ष द्यावे असा भाग. ही केवळ हौसेची विद्या नाही. स्नोड्रॉप, डॅफोडिल, क्रायनम, पॅनक्रेशियम या घराण्यातील कांद्यांत लायकोरीनसारखी द्रव्ये असतात. पोटात गेल्यास मळमळ, उलट्या होतात. याच घराण्याने औषधही दिले आहे. स्नोड्रॉपच्या एका जातीतून प्रथम वेगळे काढलेले गॅलँटामीन हे द्रव्य स्मृतिभ्रंशाच्या रोग्यांना देतात. अमेरिकेत त्याला २००१ मध्ये मान्यता मिळाली. पण औषध ठरते ते मापात आणि वैद्याच्या हातून. २००९ साली इंग्लंडमधील सफोक परगण्यात एका प्राथमिक शाळेतील मुलांनी शाळेच्या बागेतले कांदे काढून सूप केले. त्यात चुकून डॅफोडिलचा एक कांदा गेला. मुलांना उलट्या झाल्या, डझनभर मुलांना रुग्णालयात न्यावे लागले. सुदैवाने सगळी बरी झाली. तिथे शिक्षक हजर होते, बाग शाळेचीच होती, आणि कांदा सोलल्यावर कांद्यासारखाच दिसला.

आपल्याकडे पावसाळ्यात रानभाज्यांची हौस पुन्हा वाढली आहे. ती चांगलीच गोष्ट आहे. कोकणातून आलेल्या फोडशीची जुडी मीही घेतो. परंतु फोडशी खुडतात ती फूल येण्याआधी, कोवळ्या पानांची. त्या वेळी वर सांगितलेल्या तीन प्रश्नांपैकी एकही विचारता येत नाही, कारण फूलच नसते. उरतात ती गवतासारखी लांब पाने. तशी पाने पुष्कळांना असतात. कोळकांदा हृदयावर परिणाम करणारा विषारी कांदा आहे आणि त्याची फुले पाने येण्याआधीच येऊन जातात, त्यामुळे पाने दिसतात तेव्हा ओळखीचे फूल दिसत नाही. कळलावीचे कंद तर जीवघेणे आहेत. फोडशी ओळखणारी बाई ती ओळखते, कारण तिने आईबरोबर त्याच उतारावरून वीस पावसाळे ती खुडली आहे. चार फोटो पाहून आलेल्या आपल्या मुलाची ओळख तिच्या पंक्तीला बसत नाही. फोनमधले झाडे ओळखणारे ॲप क्षणात नाव सांगते. सुरुवातीला दिशा मिळायला ते ठीक, परंतु ताटात काय वाढायचे हे त्याच्यावर सोपवू नये.

म्हणून यंदापासून शाळेने दोन गोष्टी ठरवल्या आहेत. निसर्ग प्रकल्पासाठी कोणीही कांदा, कंद किंवा मूळ उपटून आणायचे नाही. आणि प्रकल्पात ओळखलेली कोणतीही वनस्पती चाखून पाहायची नाही, घरी भाजीला द्यायची नाही. पहिल्या नियमामागे आणखी एक कारण आहे. खडकाच्या फटीत एका ओंजळीएवढ्या मातीत दहा कांदे असतात. एका वर्गाने कुतूहलापोटी एकेक नेला तर पुढच्या वर्षी दाखवायला काही राहत नाही. तुर्कस्तानातून स्नोड्रॉपचे कांदे इतके उपसले गेले की त्यांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर करार करून नियंत्रण आणावे लागले.

न उपटता ओळखायचे तर फोटो मात्र नीट हवेत. मुले साधारणपणे फुलाचा समोरून एक सुंदर फोटो काढतात आणि तोच कमी उपयोगाचा असतो. समोरून वाटी दिसते, पण अंडाशय दिसत नाही. तेव्हा एक फोटो बाजूने, फुलाच्या खालचा दांडा दिसेल असा घ्यावा. एक पानाच्या बुडाचा. एक थोडा लांबून, भोवतीचा दगड, माती, गवत दिसेल असा. शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवावे म्हणजे आकार कळतो. तारीख, वेळ आणि जागा लगेच लिहावी. यातली पुष्कळ फुले संध्याकाळी उमलून सकाळी मलूल होतात, म्हणून वेळेलाही महत्त्व आहे. ज्यांच्या घरी असा फोन नाही त्यांनी पेन्सिलीने आकृती काढावी. खरे तर आकृती काढताना पाकळ्या मोजाव्याच लागतात, म्हणून मला ती अधिक आवडते. महिन्या-दीड महिन्याने त्याच जागी जाऊन फळ आणि बी पाहून यावे. पालकांनी सोबत जावे, पावसात गडाचा उतार निसरडा असतो.

पॅनक्रेशियमच्या सर्व फोटोंचा संच, मुलीने काढलेली फळाची आकृती आणि जागेची नोंद आम्ही कोल्हापूरला विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागाकडे पाठवत आहोत. तिकडून जातीचे नाव आले की ते विज्ञान कक्षातल्या फलकावर लागेल. तोपर्यंत आठवीची नोंदवही कक्षातच ठेवली आहे. मधल्या सुट्टीत कोणालाही ती पाहता येईल.